रस्त्यावरचा बाजा आणि घरातला गृहस्थ

चार्ल्स बॅबेज हे नाव आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. 'संगणकाचा जनक कोण?' या एका गुणाच्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. पण या जनकाची उतारवयातली कितीतरी वर्षे रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी भांडण्यात गेली, हे त्या एका गुणात मावत नाही. लंडनच्या रस्त्यांवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आवरण्यासाठी १८६४ साली कायदा झाला. त्यासाठी ज्यांनी धोशा लावला होता त्यांत बॅबेजसाहेब सर्वांत पुढे होते.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवले. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या अशी मुलांची (आणि पुष्कळ पालकांचीही) समजूत असते. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा मला लहानसहान कायद्यांची गोडी लागली. राज्य कसे चालते हे मोठ्या कायद्यांवरून कळते, पण शेजारी शेजाऱ्याशी कसा वागतो हे कळायला असे बारके कायदेच वाचावे लागतात. रस्त्यावर कोणी वाजवायचे, कुठे, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने, हा असाच एक बारका प्रश्न. त्याच्या पोटात काय काय दडले आहे ते आज सांगायचे आहे.

आधी हा बाजा म्हणजे काय ते पाहू. खांद्याला पट्ट्याने अडकवलेली आणि खाली एका काठीवर टेकवलेली लाकडी पेटी. पेटीच्या आत एक लाकडी दंडगोल. त्यावर शेकडो बारीक खिळे ठोकलेले. बाहेरचा दांडा फिरवला की भाता हलतो, दंडगोल फिरतो, खिळे नेमक्या वेळी नेमक्या नळीला वाट मोकळी करून देतात आणि गाणे वाजू लागते. वाजवणाऱ्याला सुरांचे ज्ञान असायची गरज नाही. दांडा फिरवता आला की झाले. दंडगोलावर जेवढी गाणी ठोकलेली असतील तेवढीच वाजणार, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. जुनी झालेली पेटी बेसूर व्हायची, एखादी नळी मुकी व्हायची, पण दांडा काही थांबायचा नाही.

गंमत अशी की बॅबेजने ज्या 'ॲनालिटिकल एंजिन' नावाच्या यंत्राचा आराखडा केला होता, त्याच्या निरनिराळ्या भागांनी कोणत्या क्रमाने हलायचे हे ठरवण्यासाठी त्याने असेच खिळे बसवलेले दंडगोल योजले होते. म्हणजे ज्या पेटीने त्याचे डोके उठायचे ती त्याच्या यंत्राची दूरची नातेवाईकच होती! पण नातेवाइकांचाच जाच जास्त होतो, हे मी वाचकांना सांगायला नको.

ही पेटी वाजवणारे बहुतेक इटालियन असत. पार्मा आणि लुका या भागांतल्या डोंगराळ गावांतून ते येत. जमीन थोडी, खाणारी तोंडे जास्त. तेव्हा घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा 'पाद्रोने' म्हणजे मालकाच्या हवाली करायचा. मालक आईबापांशी काही वर्षांचा करार करी आणि मुलांना घेऊन, पुष्कळदा पायीच, युरोप ओलांडून लंडन गाठी. आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम उचल देतो आणि मग ती फिटेपर्यंत अख्खे कुटुंब त्याच्या मागे फिरते, त्याच्याशी मिळताजुळता हा प्रकार. लंडनमध्ये सॅफ्रन हिल आणि हॅटन गार्डनच्या आसपासच्या गल्ल्यांत एकेका खोलीत ही मुले दाटीवाटीने राहत. सकाळी कोणाच्या गळ्यात पेटी, कोणाच्या खांद्यावर माकड, तर कोणाच्या हातात पांढऱ्या उंदरांचा पिंजरा. रात्री परतल्यावर दिवसाची सगळी कमाई मालकाच्या हातावर ठेवायची. कमी पडली तर मार.

या मुलांकडे माणूस म्हणून पाहणारा एक जण तेव्हा लंडनमध्ये होता, आणि तो मराठी वाचकाला मुळीच परका नाही. जोसेफ मॅझिनी! सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले आणि ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या आजोबांच्या पिढीने ते लपूनछपून वाचले. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी झटणारा क्रांतिकारक म्हणून आपण मॅझिनीला ओळखतो. पण हद्दपारीत लंडनला राहत असताना रस्त्यावर भेटणाऱ्या या पेटीवाल्या पोरांशी तो बोलत असे, त्यांची हकिकत विचारत असे. त्यांचे हाल पाहून त्याने १८४१ च्या नोव्हेंबरमध्ये हॅटन गार्डन भागात त्यांच्यासाठी रात्रीची मोफत शाळा काढली. दिवसभर दांडा फिरवून आलेली मुले तिथे लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकू लागली. रविवारी त्यांना आपल्या देशाचा इतिहास सांगितला जाई. मुलांना छळणाऱ्या काही मालकांना मॅझिनीने कोर्टातही खेचले. सगळा जन्म शिक्षकीत गेल्यामुळे असेल, पण मॅझिनीच्या साऱ्या उद्योगांत मला ही रात्रशाळा सर्वांत मोठी वाटते.

आता दुसरी बाजू. बॅबेज मॅरिलबोन भागात डॉर्सेट स्ट्रीटवर राहत असे. तो तिथे आला तेव्हा वस्ती शांत होती. हळूहळू आसपास घोडागाड्यांचा अड्डा, दारूची आणि कॉफीची दुकाने झाली, वर्दळ वाढली आणि तिच्या मागोमाग वाजवणारे आले. बॅबेजचे काम म्हणजे तासन् तास आकडे आणि आकृत्या डोक्यात धरून ठेवण्याचे. मध्येच खिडकीखाली पेटी सुरू झाली की डोक्यातला डोलारा कोसळायचा आणि पुन्हा पायापासून उभा करावा लागायचा. शास्त्रज्ञाच्या सवयीने त्याने या उपद्रवाची नोंदवही ठेवली. काही महिन्यांत दीडशेहून अधिक नोंदी झाल्या! मागच्या बारा वर्षांत आपल्या काम करण्याच्या शक्तीचा चौथा हिस्सा या गोंगाटाने खाल्ला, असा हिशेब त्याने १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात मांडला आहे. त्यातले एक अख्खे प्रकरण रस्त्यावरच्या उपद्रवांवर आहे. छळाच्या साधनांची यादी त्यात आहे: पेटी, बँड, सारंगीसारखी वाद्ये, ढोल, शिट्ट्या, आणि शेवटी माणसाचा गळा. या वाजवणाऱ्यांना पैसे देऊन चढवून ठेवणारे कोण, याचीही यादी आहे: गुत्तेवाले, नोकरचाकर, लहान मुले, खेड्यातून आलेले पाहुणे.

बॅबेजने पोलिसांत तक्रारी केल्या, तेव्हा वस्तीने त्याच्यावर डूख धरला. तो बाहेर पडला की शंभर-शंभर लोकांचा घोळका हुर्यो करत मागे लागे. दाराशी मेलेली मांजरे टाकली, खिडक्यांच्या काचा फोडल्या. एक शेजारी तर रोज ठरावीक वेळी खिडकीत बसून बॅबेजच्या बागेच्या दिशेने पत्र्याची शिट्टी फुंकत असे. असे महिनोन्‌महिने. कोणी मुद्दाम पैसे देऊन बँड त्याच्या दारात उभा करी.

हे वाचताना मला बॅबेजची कीव आली. कायदा झाला तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. मीही आता सत्तरी ओलांडली आहे. या वयात आवाज कानावर पडत नाही, तो अंगावर येतो. समोरच्या मैदानात ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहिल्या की आमच्या इमारतीत औषधाच्या गोळ्या मोजत बसलेली कितीतरी म्हातारी माणसे असतात. तेव्हा शांततेची मागणी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून मला ती उडवून लावता येत नाही. ती गरज खरी असते. पण गरज खरी असली तरी तिच्यातून निघणारा नियम रास्तच असेल असे नाही. तो कोणी लिहिला आणि कोणत्या भाषेत लिहिला हे पाहावे लागते.

लंडनमध्ये १८३९ च्या पोलीस कायद्यात आधीच एक कलम होते. घरात कोणी आजारी असेल किंवा दुसरे काही रास्त कारण असेल, तर घरातला कर्ता रस्त्यावरच्या वाजवणाऱ्याला तिथून जायला सांगू शके. न गेल्यास दंड. अडचण 'रास्त कारण' या शब्दांत होती. आजार समजण्यासारखा होता, पण 'मी गणित करतो आहे' हे रास्त कारण आहे का? एक न्यायाधीश हो म्हणे, दुसरा नाही म्हणे. बॅबेज कोर्टाच्या पायऱ्या झिजवून थकला.

तेव्हा हा प्रश्न हाती घेतला डर्बीचे खासदार मायकेल थॉमस बास यांनी. बर्टनच्या प्रसिद्ध बास बिअरचे हे मालक. मनुष्य काही दगडाच्या काळजाचा नव्हता. रेल्वे कामगारांना किती तास राबवून घेतात हे पाहून पुढे त्यांची संघटना उभी राहायला याच बास यांनी मदत केली. डर्बी शहराला त्यांनी वाचनालय दिले. पण रस्त्यावरच्या वाजंत्र्यांच्या बाबतीत त्यांनी ऐकले ते घरात बसलेल्यांचे. लोकांची पत्रे मागवून १८६४ साली त्यांनी एक पुस्तकच छापले. त्यातले सर्वांत गाजलेले पत्र चार्ल्स डिकन्सचे. त्यावर टेनिसन, कार्लाइल, विल्की कॉलिन्स, चित्रकार मिले आणि होलमन हंट अशा बड्या बड्या मंडळींच्या सह्या होत्या. आम्ही लेखक-कलावंत घरी बसून काम करतो, आणि हे लोक आमचे काम बंद पाडून, थांबण्याचे पैसे उकळतात, असा त्याचा मथितार्थ.

या सह्या पाहून मी थोडी थबकले. डिकन्सने 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरीत (१८४०-४१) रस्त्यावर कळसूत्री बाहुल्यांसारखा 'पंच'चा खेळ करणारी कॉडलिन आणि शॉर्ट ही जोडी किती जिव्हाळ्याने रंगवली आहे! आणि कार्लाइल? मॅझिनीची पत्रे इंग्लंडच्या सरकारने १८४४ साली चोरून फोडली तेव्हा वर्तमानपत्रात पत्र लिहून मॅझिनीच्या बाजूने उभा राहिलेला हाच कार्लाइल. मित्र ज्या पोरांना रात्री शिकवत असे, त्याच धंद्यातल्या पोरांविरुद्ध वीस वर्षांनी त्याने सही केली. आवाजाला कंटाळून त्याने स्वतःच्या घराच्या माथ्यावर आवाज न येणारी खोली बांधून घेतली होती, तीही म्हणावी तशी शांत झाली नाही. माणसे दुटप्पी असतात असे मला म्हणायचे नाही. पुस्तकातला डोंबारी आणि खिडकीखालचा डोंबारी यांत फरक पडतोच. फरक पडतो म्हणूनच नियम हवा. पण तो एकट्या खिडकीतल्याने लिहू नये.

कारण या तक्रारीत कान किटल्याचा त्रास किती आणि माणसाविषयीची किळस किती, हे वेगळे काढणे अवघड होते. 'पंच' साप्ताहिकाचा चित्रकार जॉन लीच याने पेटीवाल्यांवर व्यंगचित्रांची झोड उठवली होती. त्यांत पेटीवाला नेहमी काळवंडलेला, मळका, दात विचकणारा, त्याच्या माकडाचाच भाऊ वाटावा असा. लीच हृदयविकाराने आजारी होता. तो १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये, अवघ्या सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला, आणि पेटीवाल्यांनी त्याचा जीव घेतला असे त्याचे स्नेही म्हणू लागले. पण ज्या साप्ताहिकात ही चित्रे छापली जात त्याचे नाव काय? 'पंच'. रस्त्यावरच्या बाहुलीचे नाव! (याच 'पंच'च्या धर्तीवर आपल्याकडे ठाण्याहून 'हिंदुपंच' निघत असे.) आणि ती बाहुलीही मूळची इटलीची. सॅम्युअल पेपिसने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले आहे. दोनशे वर्षांपूर्वी आलेला इटालियन घरचा झाला होता. काल आलेला मात्र उपद्रव ठरला.

कायदा झाला तो असा. आजाराच्या जोडीला आता 'घरातल्या कोणाच्याही नेहमीच्या कामात व्यत्यय' हेही कारण पुरेसे झाले. सांगूनही वाजवणारा गेला नाही तर चाळीस शिलिंगांपर्यंत दंड, नाहीतर तीन दिवसांपर्यंत कैद. साध्या मजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून ही रक्कम मोठी होती. पोलीस वॉरंटाशिवाय त्याला पकडू शके, मात्र तक्रार करणाऱ्याने स्वतः चौकीपर्यंत येऊन कागदावर सही केली पाहिजे.

ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. तक्रार करायची तर घराबाहेर पडा, चालत या, आपले नाव द्या. निनावी चिठ्ठीवर कोणाला उचलायचे नाही. पण कायद्याचे दुसरे अंग तेवढे शहाणे नव्हते. त्यात कोणत्या वेळी वाजवावे, कुठे वाजवावे, किती वेळ वाजवावे, याबद्दल काहीच नव्हते. 'जा' म्हणण्याचा अधिकार तेवढा दिला होता, आणि तो घराच्या कर्त्याला. आपल्याकडे 'गृहस्थ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, घरात राहणारा आणि सभ्य माणूस. या कायद्याने ते दोन्ही एक करून टाकले. ज्याला घर तो सभ्य, त्याचे ऐकायचे. 'थांब, अजून एक गाणे वाजव' म्हणणाऱ्या मोलकरणीला आणि गल्लीतल्या पोरांना कायद्यात जागा नव्हती. त्या काळी ना ग्रामोफोन, ना रेडिओ. नाटकगृहाचे तिकीट ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या कानावर पडणारे संगीत हेच. संसदेत विरोध करणाऱ्यांनी हा मुद्दा मांडला होता, पण बहुमत बास यांच्या बाजूने गेले.

आणि ज्याच्यावर हा सगळा खटाटोप, त्या पोराचे काय झाले? चौकीत उभा राहणार तो. दंड झाला तर मालकाचा मार खाणार तो. मालकाचे नाव कायद्यात कुठेच नाही. मॅझिनीने पोराला पाहिले आणि मालकाला कोर्टात खेचले. बास यांच्या कायद्याने पेटी पाहिली आणि पोराला चौकीत नेले. दुखणे एकच होते, पण ते कोणाचे म्हणून पाहायचे यावर औषध ठरले.

कायद्याने बाजा थांबला असेही नाही. बॅबेज १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये वारला. त्याच्या अखेरच्या आजारातही खिडकीखाली पेटी वाजतच होती असे सांगतात. त्याचे एक यंत्र, 'डिफरन्स एंजिन' क्रमांक दोन, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या मूळ आराखड्यांवरून १९९१ साली तयार केले. ते व्यवस्थित चालते. चालवायचे मात्र हाताने दांडा फिरवून!

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांनी लंडनला उमजले की रस्त्यावरचा कलावंत हाकलायचा नसेल तर त्याला जागा नेमून द्यावी लागते. कॉव्हेंट गार्डनचा जुना भाजीबाजार हलवल्यावर १९८० मध्ये ती इमारत नव्या रूपात उघडली. तिथे आधी चाचणी घेऊन कलावंतांना खेळ करू देतात. भुयारी रेल्वेत वाजवणे अनेक वर्षे गुन्हा होता. तिथे २००३ मध्ये परवाने सुरू झाले आणि जमिनीवर अर्धवर्तुळ आखून जागा ठरवून दिल्या. या योजनेला सुरुवातीला पैसे कोणी दिले? कार्लिंग बिअरने. ही बिअर अनेक वर्षे बास यांच्या कंपनीची होती आणि वर्षभरापूर्वीच अमेरिकेच्या कूर्स कंपनीकडे गेली होती. पणजोबांनी हाकलले, पणतवंडांनी पाट मांडला म्हणायचे.

पण भांडण मिटले नाही. कॅम्डेन भागाच्या नगरपालिकेने २०१३ मध्ये परवाना सक्तीचा केला. साधा परवाना १९ पौंडांना, ढोल किंवा ध्वनिवर्धक असेल तर ४७ पौंडांना, आणि विनापरवाना वाजवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड. कलावंत न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये हरले. लेस्टर स्क्वेअरमध्ये नेमून दिलेल्या जागांवर ध्वनिवर्धक लावून दिवसभर तीच ती गाणी वाजतात, आम्हाला काम करता येत नाही, अशी तक्रार २०२५ मध्ये न्यायालयापुढे आली. न्यायाधीशांनी हा छळच आहे असे मान्य केले आणि एप्रिलपासून तिथले वाजवणे बंद झाले. तक्रार करणारी होती एक रेडिओ कंपनी! दिवसभर देशाला गाणी ऐकवणाऱ्यांना खिडकीखालचे गाणे सोसवेना. मला यात त्यांची थट्टा करायची नाही. तेच गाणे दिवसातून पंधरा वेळा ऐकायचे म्हणजे कोणाचेही डोके फिरेल. बॅबेजचे तरी दुसरे काय म्हणणे होते?

आता आपल्याकडे यावे लागते, कारण आपण याहून पुढची मजल मारली. लंडनने रस्त्यावरच्या कलावंताला उपद्रव म्हटले. आपण त्याला भिकारी म्हटले. मुंबई राज्याने १९५९ साली भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. भीक मागणे म्हणजे काय, याची त्यात व्याख्या आहे. सार्वजनिक जागी पैसे मागणे किंवा घेणे, मग ते गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ करून दाखवणे अशा कोणत्याही 'मिषाने' असो वा नसो. म्हणजे डोंबाऱ्याची मुलगी दोरीवरून चालते ती कला नव्हे, ते मिष. वासुदेव पहाटे टाळ-चिपळ्या वाजवत येतो तेही मिषच. शिक्षा काय? वॉरंटाशिवाय अटक, आणि गुन्हा शाबित झाल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात. पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. बासच्या कायद्यातली कैद तीन दिवसांची होती, हे ध्यानात घ्या. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्याची महत्त्वाची कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रातला कायदा त्या निकालाने आपोआप गेला नाही.

कायद्याच्या बाहेर मात्र आपल्याकडे एक जुनी समज होती, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमची शाळा बाजाररस्त्याला लागून होती. डोंबाऱ्याचा ढोल वाजला की वर्ग संपला असे समजावे. पाचवीची मुले बाकांवर उभी राहून खिडकीतून बघत. एकदा हेडमास्तर स्वतः बाहेर गेले. आम्हाला वाटले, आता हाकलणार. ते म्हणाले, "बाबा, पोरांचा अभ्यास चाललाय. जरा उशिरा येशील का?" तो म्हणाला, "गुरुजी, सुट्टी कधी होती ते सांगा." हेडमास्तरांनी वेळ सांगितली. तो बायकापोरांना घेऊन वडाखाली बसून राहिला आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या पटांगणात त्याने खेळ केला. मुलांनी खाऊचे पैसे टाकले, हेडमास्तरांनी आठ आणे दिले. पुढे ते कुटुंब गावात आले की आधी शाळेत वेळ विचारून जाई.

वेळ ठरली, जागा ठरली, अभ्यास झाला, खेळही झाला. परवाना म्हणून याहून वेगळे काय हवे असते? कागद नव्हता, दंड नव्हता, पण दोन्ही बाजूंना तोंड होते. हेडमास्तरांनी आपली अडचण सांगितली आणि त्याला त्याची विचारली. (त्याची मुलगी शाळेत का नाही, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारले नाही. मॅझिनीने विचारले असते.)

शहरात एवढ्या ओळखीवर भागत नाही, हे मला कळते. तिथे लेखी नियमच हवा. आपल्याच देशातला एक चांगला नमुनाही आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पाहा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नको, अमुक भागात अमुक डेसिबलच्या वर आवाज नको. आवाज किती आणि वेळ कोणती एवढेच हा नियम विचारतो. वाजवणारा कोण, त्याला घर आहे की नाही, त्याची जात कोणती, तो पैसे घेतो की नाही, हे विचारत नाही. तो पाळला किती जातो हा वेगळा विषय आणि त्यावर लिहायला दुसरा लेख लागेल! पण निदान त्याची भाषा सरळ आहे. १९५९ चा कायदा उलट आवाजाबद्दल काहीच बोलत नाही. डोंबाऱ्याचा ढोल हळू वाजला म्हणून तो सुटत नाही, आणि मिरवणुकीतल्या भिंती कितीही कर्कश असल्या तरी त्यांना तो शिवत नाही. कारण त्याला आवाजाशी कर्तव्यच नाही. त्याला रस्त्यावर दिसणारा गरीब माणूस नको आहे.

म्हणून मला वाटते, कुठल्याही शहराने रस्त्यावरच्या कलावंतांसाठी नियम करावेत, जरूर करावेत. वेळ ठरवा, जागा ठरवा, इस्पितळ आणि शाळा सांभाळा, तेच गाणे एका खिडकीखाली दिवसभर नको असेही म्हणा. परवान्याला नाममात्र पैसे घ्या. पण नियम लिहायला बसाल तेव्हा खिडकीतल्या माणसाशेजारी रस्त्यावरच्या माणसालाही खुर्ची द्या. आणि नियमाच्या पहिल्या ओळीत त्याला नाव देताना जपून द्या. उपद्रव म्हटलेत तर पुढची सगळी कलमे हाकलण्याची होतात. भिकारी म्हटलेत तर कोंडण्याची होतात. कलावंत म्हणून पाहा, म्हणजे मग 'सुट्टी कधी होते' हे सांगायची वेळ येते.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत अशी काही न लिहिलेली रीत होती का? आठवत असेल तर जरूर कळवा.